दुपारी एकचा फोटो

१

गयाबाईंचा हात मोडलाय हे सगळ्यांनी पाहिलं. त्यांचा गाऊन उलटा आहे हे मात्र फक्त मी पाहिलं. पण तेव्हा मला कोणी विचारलंच नाही.

गुरुवारी दुपारी चार वाजता सोनी चहा घेऊन आमच्या खोलीत आली. "गयाआजी, उठा, चा आणलाय," म्हणत तिने त्यांच्या गळ्यापर्यंत ओढलेली चादर बाजूला केली आणि किटली तिच्या हातातून खाली पडली. गयाबाईंचा उजवा हात मनगटाच्या वर सुजून काळानिळा झाला होता आणि भलतीकडेच वळला होता. त्या जाग्या होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज नव्हता. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू नेली आणि वाचाही नेली.

शेजारची खाट माझी. मी भारती शेलार, वय एकाहत्तर. उल्हासनगरात कॅम्प पाचमध्ये मुकेश शेठच्या जीन्सच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं चेकिंगला होते. दिवसाला सहाशे पँटी उलट्यासुलट्या करून बघायच्या. कुठे टाका सुटलाय, कुठे चुकीचा दोरा लागलाय, ते शोधायचं. शेठ म्हणायचा, "भारती, पँट कुछ भी बोलेगा, तू सिलाई को पूछ." आता खुबा मोडलाय आणि घरी दुसरं कोणी नाही, म्हणून मी स्वतःहून बदलापुरात कात्रपच्या या 'मायाछत्र' निवासात येऊन खाट धरली. मला इथे कोणी आणून टाकलेलं नाही. हे मी आल्या दिवशीच सगळ्यांना बजावून ठेवलंय, कारण इथे येणाऱ्याजाणाऱ्याला तुमची दया यायची फार घाई असते.

तर गाऊन. निळ्या फुलांचा. शिवणीच्या कडा बाहेर, फुलं आत. सोनीच्या ओरडण्याने व्यवस्थापक हिंदुराव धावत आले, त्यांनी फोन फिरवला आणि दहा मिनिटांत गयाबाईंचा मुलगा संदीप अंबरनाथहून हजर झाला. शिवमंदिराजवळ त्याचं हारफुलांचं आणि पूजेच्या सामानाचं दुकान आहे. आईचा हात बघून त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"एक वाजता ठणठणीत होत्या," हिंदुरावांनी मोबाइल पुढे धरला. "हा बघा फोटो. स्वतःच्या हाताने जेवताहेत. दोन वाजता हिची ड्युटी सुरू झाली."

सगळ्यांनी सोनीकडे पाहिलं.

"मी नाय काय केला," सोनी म्हणाली. "तुमीच बोललाव ना, आजी झोपलीय, चारपावत उठवू नको?"

"जंगलातल्या पोरी आणून ठेवता कामाला," संदीप ओरडला, "आणि आमच्या आया त्यांच्या ताब्यात देता!"

सोनीचं आडनाव निरगुडा, गाव बारवी धरणाकडची ठाकूरवाडी. रोज आठ किलोमीटर चालत आणि मग टमटमने येते. दोननंतर गयाबाईंना तीच भरवते, तीच पुसते, आणि त्यांच्या डाव्या हाताचे चिमटेही तीच खाते. गयाबाईंना भात गिचका झालेला चालत नाही. झाला तर त्या चिमटा काढतात.

संध्याकाळी सहाला हिंदुरावांनी नातेवाईकांच्या ग्रुपवर सोनीचं नाव फोटोसकट टाकलं. रविवारी सकाळी अकराला सगळ्यांची मीटिंग, तिथे ठराव आणि तिथूनच पोलीस स्टेशन.

२

आता या ग्रुपबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडकलेलं आहे.

'मायाछत्र परिवार' या ग्रुपवर रोज दुपारी एक वाजता आम्हा चौदा जणांचे जेवतानाचे फोटो जातात. आधी नुसते चेहऱ्यांचे जायचे. मग कोणाच्या तरी सुनेने लिहिलं की पाय सुजलेत का ते कळत नाही. तेव्हापासून डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण फोटो. फोटोच्या आधी कंगवा फिरतो, तोंड पुसलं जातं, ताटात दोन जिन्नस जास्त दिसतात. मग जोडलेले हात येतात, 'खूप छान सेवा' येतं, आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. भेटायला यायचं ते फक्त रविवारी. इतर दिवशी आलं तर पेशंट अस्वस्थ होतात, असा हिंदुरावांचा नियम आहे. मला तर कधीच अस्वस्थ वाटलं नसतं. पण नियम नातेवाईकांच्या सोयीचा होता, म्हणून कोणीच भांडलं नाही.

गुरुवारी सकाळी मी स्वतः इथे नव्हते. माझा भाचा संतोष रिक्षा चालवतो, तो मला दहा वाजता खुब्याच्या एक्स-रेसाठी उल्हासनगरला घेऊन गेला. व्हीलचेअर बरोबर घेतली होती, म्हणून वॉकर खाटेजवळच राहिला. तीनला परत आले तेव्हा गयाबाई भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या. हिंदुराव दारातूनच हळू आवाजात म्हणाले, "उठवू नका, रात्रभर झोप नव्हती त्यांना." मीही पाठ टेकली. तासभर मी तिच्यापासून दोन हातांवर पडून होते आणि ती तो मोडका हात घेऊन जागी होती. याची मला लाज वाटते. शुक्रवारी सकाळी उठले ती त्या लाजेनेच उठले, आणि पहिल्यांदा कौसाबाईंना पकडलं.

कौसाबाई सकाळच्या पाळीच्या. सहा वर्षं इथे आहेत. बोलण्यापेक्षा फरशी पुसणं त्यांना जास्त आवडतं.

"काल गयाबाईंना अंघोळ तुम्हीच घातलीत?"

"मीच. साडेनऊला."

"गाऊन कोणता घातलात?"

"निळाच की. तुम्ही बुधवारी शिवून दिला तो."

बुधवारी त्या गाऊनचा खालचा काठ उसवला होता. सोनीच्या पायात दोनदा अडकला, म्हणून मी तो शिवला. माझ्या डब्यात दोरा एकच, जीन्सचा जाड पिवळा. तोच घातला. निळ्या गाऊनला वीतभर पिवळी शिवण. गयाबाईंनी ती डाव्या हाताने चाचपून पाहिली होती आणि मान हलवली होती.

"सुलटा घातला होता?"

कौसाबाईंनी फडकं थांबवलं. "बाई, मला एवढं कळतं."

"मग जेवण कोणी दिलं त्यांना?"

"ते मला काय ठाव? मला दहालाच सोडलं की. साहेब म्हणाले, जा आज लवकर, देवाला जाऊन ये. सहा वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून सुट्टी दिली." त्यांनी फडकं पिळलं. "मी म्हटलं, चला, माणूस सुधारला."

म्हणजे दहा ते दोन गयाबाईंजवळ कोणी आया नव्हतीच. बाकीच्यांना विचारून उपयोग नव्हता. आमच्याकडे ज्यांना दिसतं त्यांना आठवत नाही, आणि ज्यांना आठवतं ते खाटेवरून उठत नाहीत. पण हिंदुरावांकडे एकचा फोटो होता. फोटोत बाई बरी होती. त्यामुळे ते चार तास कोणी हिशेबात धरत नव्हतं.

कौसाबाईंना सोडून मी वॉकर धरून उठले. दोन पावलं गेले आणि चाक अडलं. काल रात्रीही अडलं होतं.

३

वॉकर उलटा करून मांडीवर घेतला. पुढच्या डाव्या चाकाच्या आसात कापड गुंडाळलं गेलं होतं. केसाच्या पिनेने ते ओढून काढलं. चार बोटं लांबीची पट्टी. मोरपंखी रंग, जाडसर सुती.

हा साडीचा फॉल होता. साडीच्या खालच्या काठाला आतून लावतात तो. बाजूने हाताची शिलाई तुटलेली दिसत होती आणि शिलाई गुलाबी दोऱ्याची होती. मोरपंखी साडीला गुलाबी दोरा! कारखान्यात असतं तर मी पँट फेकून मारली असती.

'मायाछत्र'मध्ये कोणी साडी नेसत नाही. आम्ही साती बायका गाऊनमध्ये. कौसाबाई आणि सोनी पंजाबी ड्रेसवर ॲप्रन घालतात. मग माझ्या वॉकरखाली साडी आली कुठून?

दुपारी सोनी फाटकापाशी आली. तिला आत घेत नव्हते, तिची पिशवी तेवढी परत द्यायची होती. बरोबर तिचे वडील धाकलू. बारीक, ताठ माणूस. हात मागे बांधून उभे होते. मी वॉकर ढकलत फाटकापर्यंत गेले आणि गजांतून पिशवी दिली.

"काकू, तुमाला पण वाटतंय का?" तिने विचारलं.

"वाटलं असतं तर आले असते का इथवर? मला सांग, काल काय वेगळं दिसलं? काहीही."

तिने पिशवी खांद्याला अडकवली. "दवाखान्यात न्यायच्या आदी डायपर बदलला ना मी, तवा कमरेला वळ होता. लाल. पुऱ्या कमरेला गोल."

"कसला वळ?"

"परकराच्या नाडीचा असतोय तसा. मी मनाशी म्हटला, आजी तं परकर घालत नाय. पर कोनाला सांगू? माजा ऐकतोय कोन?"

तेवढ्यात हिंदुराव पायरीवर आले. सोनीला म्हणाले, "तू निघ. रविवारी तुझी गरज नाही इथे, आमचं आम्ही ठरवू."

आजवर मी धाकलूंचा आवाज ऐकला नव्हता. ते म्हणाले, "आमच्या पोरीचा ठरवनार, नि आमी नाय येनार?"

"फाटक बंद राहील," हिंदुराव म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "शेलारबाई, तुम्हाला इथलं पटत नसेल तर दुसरीकडे सोय बघा. तुमची खाट मागणारे पुष्कळ आहेत."

खोटं कशाला सांगू? मला दुसरीकडे सोय नाही. माझी शहाडची खोली केव्हाच गेली आणि संतोषच्या दहा बाय दहामध्ये चार माणसं राहतात. पण अठ्ठावीस वर्षांत फाटका माल मी एकदाही 'ओके' करून पुढे सरकवला नाही. या वयात ती सवय लावून घेणार नव्हते.

"खाट मी रविवारी बारानंतर सोडेन," मी म्हटलं. "अकराची मीटिंग झाली की."

४

शनिवारी गयाबाईंना प्लास्टर घालून परत आणलं. बरोबर त्यांची मुलगी हर्षदा होती. ती शहाडला राहते. डोळे रडून सुजलेले, आणि सोनीचं नाव काढलं की दात-ओठ खात होती.

"आम्ही विश्वासाने ठेवलं हो. रोज एकचा फोटो बघायचे, तो बघितला की जेवण जायचं मला."

"तू शेवटची कधी आली होतीस?"

तिने बोटांवर मोजलं. "दोन रविवार झाले. तीन असतील. आमच्याकडे मामाकडच्या लग्नाची गडबड आहे ना. त्यात मामा दादाला फोनवर नको नको ते बोलले. माझ्या बहिणीला आश्रमात टाकलंस, लग्नात तोंड दाखवू नकोस म्हणाले. दादा दोन दिवस जेवला नाही."

"आईच्या साड्या कुठे असतात गं?"

"सगळ्या दादाच्या कपाटात. का?"

"सहज," मी म्हटलं. पट्टी तेव्हाच दाखवणार होते. पण ती बाहेर जाऊन लगेच भावाला फोन लावणार हे तिच्या तोंडावर दिसत होतं. म्हणून हात खिशातच ठेवला.

संध्याकाळी संतोष आला. माझा नातेवाईक म्हणून तो त्या ग्रुपवर आहे.

"आत्या, काय लफडा करतेयस? हिंदुरावचा फोन आला होता मला. आत्याला समजावा म्हणे."

"मग समजाव."

"तुला? मी काय वेडा आहे का?"

"गुरुवारचा एकचा फोटो दाखव. मोठा कर."

गयाबाई खाटेच्या कडेला बसलेल्या, पाय खाली सोडलेले, स्टुलावर ताट, डाव्या हातात घास. अंगावर निळ्या फुलांचा गाऊन, व्यवस्थित सुलटा. चादर तीच, पडदा तोच. हिंदुरावांनी काळजीने निवडला होता. मी बोटाने फोटो खाली सरकवला. गुडघे. पोटऱ्या. गाऊनचा खालचा काठ.

मी संतोषला म्हटलं, "उद्या तुझी रिक्षा सकाळभर माझी. पहाटे वाडीवर जा, सोनीला आणि धाकलूंना घेऊन ये. फाटक बंद असलं तर मला फोन कर, मी येऊन तिथे बसेन आणि बोंब मारेन."

"फोटोत काय दिसलं पण?"

"काय दिसलं ते नाही रे," मी म्हटलं. "काय दिसलं नाही ते."

५

फाटक बंद नव्हतं. चाळीस माणसं आत यायची असताना ते बंद ठेवता आलं नाही. हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढे टेबल, टेबलामागे हिंदुराव. गयाबाईंना मीच आग्रह करून व्हीलचेअरवर आणवलं होतं. हर्षदा त्यांच्या शेजारी. संदीप पहिल्या रांगेत, दाढी वाढलेली.

हिंदुरावांनी ठराव वाचला. निष्काळजीपणा, मारहाणीचा संशय, पोलीस कारवाई. "मंजूर असेल त्यांनी हात वर करा."

हात वर जायला लागले. तेवढ्यात दारातून सोनी आत आली, मागे धाकलू. कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, "हिची हिंमत बघा."

"हिंमत हायच," सोनी म्हणाली. "मी पळून नाय गेले. ज्याला इचारायचा त्याने माज्या तोंडावर इचारा."

"हात खाली घ्या," मी वॉकर आपटला. "आधी मोबाइल काढा सगळ्यांनी. ग्रुप उघडा. गुरुवारचा गयाबाईंचा फोटो."

चाळीस माणसांनी मोबाइल काढले. नातेवाईकांना आईबापांकडे बघायला सांगितलं तर वेळ लागतो, मोबाइलकडे लगेच बघतात.

"गाऊनचा खालचा काठ बघा. कसा आहे?"

"निळा. चांगला आहे," एक बाई म्हणाली.

"आता इथे बघा." गयाबाईंच्या अंगावर तोच गाऊन होता, मी मुद्दाम घालायला लावला होता. खाली वीतभर पिवळी शिवण ठळक दिसत होती. "ही मी बुधवारी दुपारी घातली. सोनी समोर होती. गुरुवारी सकाळी कौसाबाईंनी हाच गाऊन घातला. मग गुरुवारी एक वाजता माझी शिवण कुठे गेली, आणि चारला परत कुठून आली?"

सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसले.

"चुकून जुना गेला असेल," हिंदुराव म्हणाले. "चौदा जणांचे फोटो. एखादा इकडेतिकडे होतो."

"होऊ दे. पण मग एक वाजता त्या ठणठणीत होत्या याला पुरावा काय राहिला? आणि दहाला कौसाबाईंना तुम्ही सहा वर्षांत पहिल्यांदा घरी का पाठवलंत? दहा ते दोन इथे एकही आया नव्हती. एकटे तुम्ही होता."

चाळीस डोकी हिंदुरावांकडे वळली. त्यांचा चेहरा पडला. "मी हात लावलेला नाही बाईंना! आईशप्पथ!"

"ते मला माहीत आहे," मी म्हटलं. "तुम्ही फक्त झाकलंत. मोडला दुसऱ्याने."

सोनीला मी पुढे बोलावलं. "कमरेला काय होतं?"

"नाडीचा वळ."

"म्हणजे गुरुवारी कोणीतरी गयाबाईंना परकर नेसवला होता. परकर कशासाठी नेसवतात? साडीसाठी. नंतर घाईने साडी सोडली आणि गाऊन परत अडकवला, तो उलटा. बायकांना रोज कपडे घालणाऱ्या हाताकडून ही चूक होत नाही. कधीच न घातलेल्या हाताकडून होते." मी खिशातून पट्टी काढली आणि हर्षदाच्या हातात दिली. "आणि हे माझ्या वॉकरच्या चाकात अडकलं होतं."

तिने पट्टी उलटीसुलटी केली. गुलाबी टाके बघितले. तिचा चेहराच बदलला.

"हा फॉल मी लावला होता," ती हळूच म्हणाली. "आईची मोरपंखी. मॅचिंग दोरा नव्हता, मी म्हटलं आतून कोण बघतंय." मग ती भावाकडे वळली. "दादा, ही साडी तुझ्या कपाटात होती."

संदीपने मान खाली घातली.

"गुरुवारी हिंदुरावांचा फोन गेल्यावर दहा मिनिटांत तू इथे होतास," मी म्हटलं. "शिवमंदिरापासून कात्रप. मी आत्ताच संतोषला विचारलं, मोकळ्या रस्त्यालाही त्याची रिक्षा त्याच्या दुप्पट वेळ घेते. तू इथेच होतास संदीप. सकाळपासून."

६

तो बोलायला लागला तेव्हा आधी काही कळेना. मग हळूहळू कळलं.

"मला फक्त व्हिडिओ काढायचा होता. अर्ध्या मिनिटाचा. आई साडी नेसून अंगणात चालतेय, तुळशीपाशी उभी आहे. लग्नात मामांना दाखवला असता. बघा, टाकली नाही, किती छान ठेवलीय, चालायला लागलीय." त्याने नाक पुसलं. "हिंदुराव म्हणाले, गुरुवारी ये, मी आयाला घरी पाठवतो, शेलारकाकूही नाहीत. अकराच्या सुमारास वॉकर धरून उभी केली. मी मोबाइल घेऊन मागे सरकलो. ती एक पाऊल चालली, खरंच चालली. आणि साडी चाकात गेली."

जिला एकच हात आहे, तिला दोन हातांचा वॉकर धरून उभं केलं होतं, आणि ज्याने धरायचं त्याच्या हातात मोबाइल होता.

"मग लगेच दवाखान्यात का नाही नेलंस?" हर्षदाने विचारलं. "दादा, पाच तास?"

"लोक काय म्हणतील वाटलं. मुलानेच पाडलं म्हणतील. हे हिंदुराव म्हणाले, गुंगीची गोळी देतो, चारला कळल्यासारखं करू. आयांवर जातं मग ते, सोनी कामाला नवीन आहे, तिला दुसरीकडे मिळेल काम."

"कुठं मिलंल?" धाकलूंनी दारातून विचारलं. "पोलिसांच्या लिस्टीत नाव चढल्यावर कुठं मिलंल? सांग ना."

संदीप उठून आईच्या व्हीलचेअरपाशी गुडघ्यावर बसला, तिच्या पायाला हात लावायला वाकला. गयाबाईंनी डावा हात उचलला. हॉलमधल्या सगळ्यांना वाटलं की डोक्यावरून फिरवणार. त्यांनी त्याच्या दंडाला चिमटा काढला. चांगला पिळून काढला आणि सोडला नाही. तो रडत राहिला आणि त्या चिमटा धरून त्याच्याकडे बघत राहिल्या, डोळे कोरडे ठेवून. मला इतकं बरं वाटलं की मी खुर्चीत बसून घेतलं.

मग तेच झालं जे नेहमी होतं. कोणीतरी म्हणालं, "जाऊ दे, घरचा मामला आहे, मुलाचा हेतू वाईट नव्हता." कोणीतरी सोनीला म्हणालं, "झालं गेलं विसर बाई, ये उद्यापासून कामाला." हिंदुरावांचा रंग परत आला. तेही म्हणाले, "हो हो, ठराव रद्द समजा."

"नाय," सोनी म्हणाली.

"आता आणखी काय पाहिजे?"

"माजा नाव ग्रुपवर टाकलाव ना? फोटोसंगती? माज्या वाडीपावत पोचला तो. आता त्याच ग्रुपवर लिवा, कोनी पाडला नि कोनी झाकला. नावानिशी. दादांनी सोताच्या हाताने लिवायचा. तवा मी येन. नायतर गयाआजीला भरवायला दुसरी बघा."

"आणि पोलिसांत आता मी जाणार," हर्षदा उठली. "दादासाठी नाही, त्याचं त्याची आई बघेल. पाच तास गोळी देऊन माझ्या आईला झोपवणाऱ्यासाठी. आणि रविवारचा नियम आजपासून बंद. मी मंगळवारी येईन, बुधवारी येईन, मला वाटेल तेव्हा येईन. फाटक बंद ठेवून बघा."

"मी पण," मागून एक बाई म्हणाली. मग आणखी दोन-तीन.

संदीप तिथेच जमिनीवर बसून टाइप करायला लागला. त्याला बराच वेळ लागला. मग चाळीस मोबाइल एकदम वाजले. लगेच कोणीतरी सवयीने जोडलेले हात पाठवले, पाठोपाठ आणखी दहा जणांनी पाठवले.

सोनीने संतोषच्या मोबाइलवर वाकून पाहिलं. "हात कशाला जोडताव? मी काय देव हाय? सोनी निरगुडाची चूक नव्हती, असा लिवा."

एकेकाने लिहिलं. धाकलू प्रत्येक नाव संतोषकडून वाचून घेत होते. सगळी होईपर्यंत ते दारातून हलले नाहीत.

बारा वाजून गेले होते. खाट सोडायचं मला कोणी काही बोललं नाही, मीही आठवण केली नाही.

सोमवारी सोनी बारालाच आली. भात गिचका झाला होता. गयाबाईंनी सोनीला चिमटा काढला, सोनी "आई गं" म्हणाली आणि दुसरा भात आणायला गेली. हिंदुरावांना चौकशीला बोलावलं होतं, म्हणून एकचा फोटो काढायचं काम कौसाबाईंवर आलं. त्यांनी मोबाइल उलटा धरला, मी सुलटा करून दिला.

"केस विंचरू का यांचे?" कौसाबाईंनी विचारलं.

"नको," मी म्हटलं. "आहेत तशा काढा. प्लास्टर दिसू दे."

कौसाबाई मागे सरकल्या. गाऊनचा काठ चादरीखाली गेला होता. गयाबाईंनी हातातला घास ताटात ठेवला, डाव्या हाताने चादर बाजूला केली, काठ ओढून बाहेर काढला आणि पिवळी शिवण मोबाइलच्या समोर धरली. हात खाली आला तर परत वर केला.

"काढा आता," मी म्हटलं.